पायाखालची सतरंजी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला आजचे निमंत्रण दिले, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांनी विषय विचारला. आम्ही म्हणालो, "सतरंजी." चालक क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्याची काळजी नको. पुढे दोन सतरंज्या घालू, मागे खुर्च्या आहेत. आपण विषय सांगा." त्यांना वाटले, आम्ही बैठकीच्या व्यवस्थेविषयी बोलत आहोत!

यात त्यांचा काही दोष नाही. सतरंजी हा बोलण्याचा विषय आहे असे आपल्याला कधी वाटलेच नाही. ती बोलणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या खाली अंथरण्याची वस्तू. कीर्तन असो, लग्नाची बोलणी असोत, शाळेचे संमेलन असो की निवडणुकीची सभा असो, आधी सतरंजी येते आणि सगळ्यांच्या शेवटी जाते. राजकारणात तर 'सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता' हा एक स्वतंत्र वर्गच होऊन बसला आहे. जो राबतो पण ज्याचे नाव पत्रिकेवर छापले जात नाही, तो सतरंज्या उचलणारा. पण उचलणाऱ्याची निदान गणना तरी होते. सतरंजी विणणाऱ्याचे काय? आज आम्हांला जे सांगायचे आहे ते याच प्रश्नाभोवती फिरणार आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. गालिचा आणि सतरंजी ही दोन्ही जमिनीवर अंथरायची, म्हणून आपण त्यांना सख्खी भावंडे समजतो. वास्तविक त्यांची जात वेगळी. गालिच्यात उभ्या धाग्यांना एकेक गाठ मारून तिची टोके वर सोडलेली असतात. त्या टोकांची लव म्हणजे गालिच्याचा मऊपणा. सतरंजीत गाठ नाही, लव नाही. उभा ताणा आणि आडवा बाणा, एवढाच सगळा संसार. बाणा पंजाने इतका दाबून बसवायचा, की ताणा त्याच्याखाली पुरता झाकून जावा. पंजा म्हणजे लोखंडी दातांचे, फणीसारखे हत्यार. रंग दिसतात ते सगळे बाण्याचे. ताणा शेवटी काठाच्या दशांतूनच काय तो डोके वर काढतो. मात्र सारा भार त्याच्यावर असतो.

या विणीची एक गंमत आहे. गालिच्याला पाठ असते, सतरंजीला पाठ नसते. दोन्ही बाजू सारख्याच. एक बाजू मळली की दुसरी वर घ्यावी. दुसरी गंमत दोन रंगांच्या सीमेवरची. निळ्याशेजारी पांढरा चौकोन हवा असला, तर निळा धागा सीमेपर्यंत जाऊन मागे फिरतो आणि पांढराही तसाच परततो. दोघे आपापल्या हद्दीतच फिरले, तर मध्ये चीर राहते. तुर्कस्तानातल्या 'किलीम' या लोकरी विणीत अशा चिरा मुद्दाम ठेवतात आणि नक्षी त्यांना सांभाळून बेततात. आपल्याकडचा विणकर बहुधा दोन्ही रंग सीमेवरच्या एकाच ताण्यावरून फिरवतो. त्यामुळे चीर राहत नाही आणि बैठक टिकाऊ होते. शेजाऱ्यांनी हद्दीवरचा एक खांब सामाईक मानावा, तसा हा प्रकार!

तुर्कस्तानात, इराणात, अफगाणिस्तानात मेंढीची लोकर, म्हणून तिकडचे विणकाम लोकरीचे. आपला देश उन्हाचा आणि कापसाचा, म्हणून आपली सतरंजी सुताची. जुन्या सतरंज्यांत निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे इतके प्राबल्य का, याचेही उत्तर कापसातच आहे. लाल रंग सुतावर पक्का बसायला तुरटीसारख्या मध्यस्थाची गरज लागते. निळीला मध्यस्थ लागत नाही. नीळ सुतावर सरळ बसते, आणि अनेक धुण्यांनंतरही मोठ्या मानाने उतरते.

अकबराच्या दरबारी अबुल फझल याने 'आईन-ए-अकबरी'त फरासखान्याची हकीकत दिली आहे. गालिचे विणणारे कारागीर आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर येथे कसे नावाजले, हे तो सांगतो. पुढे जाजम आणि शत्रंजी यांचेही नाव घेतो. पण यांचे वर्णन करत बसलो तर फार वेळ जाईल, अशा आशयाचे म्हणून तो त्यांना बाजूला सारतो. सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. म्हणजे सतरंजीला वेळ नसण्याची परंपरा आपल्या चालकांनी सुरू केलेली नाही, हे आम्ही त्यांच्या समाधानासाठी येथे नमूद करतो.

ही उपेक्षा पुढेही चालू राहिली. जुन्या गालिच्यांवर लठ्ठ ग्रंथ निघाले, त्यांचे लिलाव झाले. दरीवर, म्हणजे आपल्या सतरंजीवर, 1982 साली लंडनमध्ये स्टीव्हन कोहेन यांचा ग्रंथ निघाला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच मुळी 'कदर न झालेली दरी' असा आहे. त्यानंतर मात्र संग्राहकांचे लक्ष इकडे वळले. काल ज्या सतरंजीत गाद्या गुंडाळून ठेवत, ती आज दिव्याच्या झोतात भिंतीवर टांगली जाऊ लागली.

आणि त्या संग्राहकांच्या शेपटाला आम्हीही लागलो. तो अनुभव आता सांगतो. त्यात आमची फजिती आहे, तेव्हा मोकळेपणाने हसावे.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडे आम्हांला एक मोठी सतरंजी दिसली. निळे-पांढरे पट्टे, आणि दोन्ही टोकांना राखी रंगाची एक रुंद पट्टी. विक्रेता म्हणाला, "साहेब, पेशवाईतला माल आहे. वाड्यातून आलाय." 'वाडा' हा शब्द पुणेकराच्या कानावर पडला की त्याचा विवेक जरा सैल होतो. आम्ही फारशी घासाघीस न करता पैसे मोजले, रिक्षात सतरंजी घातली आणि आम्ही तिच्यावर बसून घरी आलो. आमच्या मंडळींनी दारातच विचारले, "हे काय, घरातल्या कमी होत्या?" आम्ही 'पेशवाई' हा एकच शब्द उच्चारला. मंडळी काही न बोलता आत गेल्या.

पुढच्या रविवारी आमचे रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक मित्र आले. त्यांनी सतरंजी पाहिली, खाली बसले, आणि राखी पट्टीतले धागे बोटांनी जरा फाकवून आम्हांला आत पाहायला सांगितले. जिथे उजेड पोचला नव्हता, तिथे तोच धागा झगझगीत जांभळा होता! त्यांनी एक पांढरा रुमाल ओला करून पट्टीवर दाबला. रुमालावर जांभळा डाग उमटला. ते म्हणाले, "उन्हाने उडणारा आणि पाण्याने सुटणारा हा जांभळा कारखान्यातला दिसतो. पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला 1856 साली. पेशवाई कधी संपली?" ते 1818 शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. आतून मंडळींच्या हसण्याचा आवाज आला.

आम्ही ती सतरंजी गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. विक्रेत्यावर आम्ही रागावलो, हे खरे. पण वास्तविक रागावायला हवे होते स्वतःवर. आम्ही वस्तू विकत घेतलीच नव्हती. आम्ही तिचे वय विकत घेतले होते, आणि वय खोटे निघताच वस्तू आम्हांला नकोशी झाली.

या मोहात आमच्यासारखे सामान्यच सापडतात असेही नाही. जेम्स मेलार्ट हे मोठे पुराणवस्तुसंशोधक. तुर्कस्तानातील चाताल ह्युयुक ही नवाश्मयुगीन वसाहत त्यांनी 1961 पासून उत्खनन करून उजेडात आणली. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात त्यांनी असे मांडले, की तेथील हजारो वर्षांपूर्वीच्या भिंतिचित्रांत आजच्या किलीमांची नक्षी आढळते. किलीमच्या संग्राहकांना आनंदाचे भरते आले. आपल्या भिंतीवरच्या वस्तूची वंशावळ एकदम नवाश्मयुगाला भिडली! पण पुरावा म्हणून होती ती केवळ हाताने काढलेली रेखाटने. त्या चित्रांची छायाचित्रे नव्हती. जाणकारांनी तेव्हाच शंका घेतल्या. मेलार्ट 2012 साली वारले, आणि 2018 साली त्यांच्या घरी सापडलेल्या कागदपत्रांवरून त्यांनी अशी चित्रे स्वतःच रचली असल्याचे जाहीर करण्यात आले. किलीम सुंदरच होती आणि आहे. तिला नऊ हजार वर्षांच्या आधाराची गरज नव्हती. गरज होती ती संग्राहकाच्या अभिमानाला.

मग संग्राहकाने विचारायचे तरी काय? आमचे म्हणणे असे, की 'किती जुनी?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न 'कोणी विणली?' हा. आणि तो विचारू लागलो, की सतरंजी वेगळीच बोलू लागते. उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण तुरुंगाचे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील अनेक तुरुंगांत विणकामाचे कारखाने निघाले. लाहोर, आग्रा, बिकानेर, आणि आपल्याजवळचे येरवडा. ही नावे जुन्या दऱ्यांच्या बाजारात आजही मानाने घेतली जातात. 'तुरुंगातली दरी' म्हटले की भाव चढतो! कारण उघड आहे. कैद्याला वेळेची किंमत नाही, मजुरी जवळजवळ नाही. त्यामुळे वीण दाट, माप मोठे, नक्षी कष्टाची. बाहेरच्या विणकराने तेवढा वेळ घातला असता तर त्याची चूल विझली असती. बेळगावात 1832 साली जन्मलेले आणि मुंबईचे वस्तुसंग्रहालय उभे राहावे म्हणून झटलेले जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 च्या आपल्या ग्रंथात तुरुंगातील या कारखान्यांवर कडक टीका केली. त्यांच्या मते या स्वस्त स्पर्धेने देशी कारागीर आणि त्याची कला, दोन्ही बुडत होती.

आग्र्याच्या तुरुंगात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला एक प्रचंड गालिचा विंडसरच्या किल्ल्यात आहे. तो गाठींचा, म्हणून आमच्या विषयाबाहेरचा. पण दाखला तोच. त्याचे वजन सुमारे 2 टन. 1992 साली किल्ल्याला आग लागली, तेव्हा तो गुंडाळून हलवायला 50 सैनिक लागले, असे सांगतात. राणीचे नाव त्याला कायमचे चिकटले. गाठी मारणाऱ्यांच्या वाट्याला मात्र 'आग्र्याचे कैदी' एवढेच नाव आले. मग अशी वस्तू घरात ठेवू नये काय? आम्ही असे म्हणत नाही. वस्तू जाळून कैदी सुटत नसतो. पण 'तुरुंगातली' हा शब्द आपण ज्या कौतुकाने उच्चारतो, त्या कौतुकात थोडी लाज मिसळलेली असावी, एवढेच आमचे म्हणणे. ही लाज केवळ भूतकाळाची नव्हे. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातील मागांवर लहान मुले राबतात, हे जगापुढे आले, तेव्हा 1994 साली कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 'रगमार्क' ही खूण निघाली. मालावर ही खूण असली, की तो बालमजुरांकडून करवून घेतलेला नाही, असे समजायचे असे. म्हणजे 'कोणी विणली?' या प्रश्नाचे उत्तर मालावरच लिहिण्याचा तो एक प्रयत्न होता.

दुसरे उदाहरण पंजाबचे. तेथील खेड्यांत मुली लग्नाआधी स्वतःसाठी दऱ्या विणत. सूत घरचे, माग अंगणात जमिनीलगत ताणलेला, शिकवायला आई किंवा मावशी. मोर, पोपट, झाडे, माणसे, जे डोळ्यांपुढे असेल ते विणायचे. कोणी आपले नावही विणून टाकी. ती दरी विकण्यासाठी नव्हती, सासरी नेण्यासाठी होती. अशी दरी बाजारात येते, तेव्हा कुठल्या तरी घरातली एक मुलगी हातची सुटलेली असते, हे आपण ध्यानात धरावे.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंद. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यातच होता. जमखाना हा शब्द आपल्या आजीच्या तोंडी असे. नवलगुंद हे त्या जमखान्यांचे गाव. तेथे मुसलमान कुटुंबांतील स्त्रिया उभ्या मागावर जमखाने आणि नमाजासाठी जानमाज विणत आल्या आहेत. या वस्तूला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ही विद्या घराबाहेर जाऊ नये म्हणून ती लेकीला न शिकवता सुनेला शिकवत, असे तिकडे सांगतात. लेक परक्या घरी जाणार, सून घरात राहणार, असा हिशोब. हा हिशोब एके काळी व्यवहाराचा असेल. पण आता सुनांना दुसरी कामे मिळतात आणि लेकींना शिकवलेले नसते. मग विणणारे हात कमी झाले, यात नवल ते काय?

या नवलगुंदच्याच एका वृद्ध विणकर बाई पुण्यात हस्तकलेच्या एका प्रदर्शनात बसल्या होत्या. आम्ही त्यांचे जमखाने पाहिले, आणि कोण जाणे कसे, माळ्यावरची आमची ती सतरंजी आठवली. दुसऱ्या दिवशी ती घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "अम्मा, हमारी भी जरा देखो." आमचे हिंदी पुणेरी, त्यांचे दक्खिनी, पण दोन्ही एकमेकांना समजले. त्यांनी सतरंजी पाहिली नाही, वाचली. पट्ट्यांवरून हात फिरवत त्या मध्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "साब, ये एक हात का काम नै. दो हातां का है."

मग त्यांनी दाखवले. रुंद सतरंजीवर विणकर शेजारी शेजारी बसतात. डाव्या अर्ध्यात पंजाचा ठोका एकसारखा, घट्ट. उजव्या अर्ध्यात कुठे घट्ट, कुठे सैल. ठोका सैल पडला की वीण फुगते, आणि सरळ जायचा पट्टा उजवीकडे चढू लागतो. तो समतल करायला डावीकडे मध्येच चार-सहा धागे जास्त भरलेले होते. असे सुरुवातीला वीतभर अंतराने दिसत होते. पुढे हे भरलेले धागे विरळ झाले. दुसऱ्या टोकापाशी, जिथे ती जांभळी पट्टी होती, तिथे उजवा हात आणि डावा हात ओळखूच येईना. बाई म्हणाल्या, "इधर सास बैठी, उधर बहू. बहू सीख गई."

सासू-सून असतील, किंवा एखाद्या तुरुंगातले जुना आणि नवा असे दोन कैदी असतील; ते आम्ही सांगू शकत नाही. पण एक माणूस दुसऱ्याला शिकवत होता, चुका न उसवता स्वतःच्या बाजूने भरून काढत होता, आणि शिकणारा शिकला, हे त्या सतरंजीत धाग्याधाग्याने लिहिलेले होते. आम्ही तिच्यात पेशवे शोधत होतो!

आम्ही घरी आलो, सतरंजी दिवाणखान्यात अंथरली, मंडळींना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या बाईंचे नाव काय?"

आम्ही विचारले नव्हते.

ज्यांनी 'कोणी विणली?' हा प्रश्न आम्हांला शिकवला, त्यांनाच तो आम्ही विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी गेलो, तर प्रदर्शन उठले होते, मांडव सोडत होते. पुढच्या वर्षी नवलगुंदच्या गाळ्यावर एक तरुण होता. त्याला त्या बाईंची ओळख सांगायची तर आमच्याजवळ सांगण्यासारखे काय होते? वय झालेल्या, हाताने विणकाम वाचणाऱ्या. तो म्हणाला, "अशा आमच्याकडे दोन-तीन होत्या." आम्ही पुढे विचारले नाही.

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. नवी सतरंजी घेतली की तीत विणणाराचे नाव, गाव, शिकवणाराचे नाव, विणायला लागलेले दिवस आणि आपण दिलेले पैसे लिहितो. जुनी असेल तर लांबी-रुंदी, इंचात किती ताणे, दोन्ही बाजूंचे रंग, आणि कोणाच्या घरातून आली ते लिहितो. वयाचा रकाना शेवटी आहे आणि तो बहुधा कोराच राहतो. आपल्या पुण्यातच दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि तो अमोल संग्रह लोकांच्या स्वाधीन केला. जे सगळ्यांच्या घरात असते ते एके दिवशी कोणाच्याच घरात नसते, हे त्यांनी वेळीच ओळखले. सतरंजीवर ती वेळ आता आली आहे. तिच्या जागी यंत्रावरची आणि प्लॅस्टिकची बैठक आली. ती स्वस्त आहे, हलकी आहे, आणि ज्याला चार पैसे वाचवायचे आहेत त्याला आम्ही दोष देणार नाही. पण ज्याला परवडते, त्याने दहा जुन्या सतरंज्या साठवण्यापेक्षा पाच जुन्या साठवाव्या आणि पाच नव्या, हाताने विणलेल्या घ्याव्या. जुनीचे पैसे विक्रेत्याला जातात, नवीचे काही तरी विणणाऱ्यापर्यंत पोचतात. आणि ते पोचले नाहीत तर उद्याच्या संग्राहकाला गोळा करायला काही उरणारही नाही.

घरी जुनी सतरंजी असेल, तर दोन सूचना. तिची घडी घालू नका, गुंडाळी करा. घडीवर सूत तुटते. खिळ्यांवर टांगू नका. स्वतःच्या भारानेच ती फाटत जाते. आणि तिसरी सूचना, खरी म्हणजे हीच पहिली: घरात कोणी वडीलधारे असेल, तर ती कुठून आली हे त्यांना या आठवड्यात विचारून घ्या. आमच्यासारखा दुसऱ्या दिवसाचा भरवसा धरू नका.

पुढच्या दोन रांगांतील मंडळींना एक विनंती करून आम्ही थांबतो. उठताना आपण बसलेल्या सतरंजीचा एक कोपरा उलटून पाहावा. कदाचित ती यंत्रावरची असेल; मग चपला घालून घरी जावे. पण हातची असेल, तर पट्टा कुठे चढला आहे आणि तो कोणी सावरला आहे, हे पाहून मगच ती उचलणाऱ्यांच्या हाती द्यावी. आणि जमल्यास उचलायला हातही लावावा.